२२ जानेवारीच्या आत पोच

१८९८ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या नकाशावरून एक तिरकी रेघ जाणार होती. विजयदुर्गाजवळ ती समुद्रातून जमिनीवर येणार, सह्याद्री ओलांडून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात शिरणार, नागपूर भागातून पुढे जाऊन बिहारमधल्या बक्सरकडे निघणार. ही चंद्राच्या सावलीची वाट होती. २२ जानेवारीच्या भर दुपारी या वाटेवरच्या गावांत सुमारे दोन मिनिटं सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. त्या दोन मिनिटांसाठी लंडन, केंब्रिज, एडिंबरा, कॅलिफोर्निया आणि आपल्या पुण्याहूनही लाकडी पेट्या निघाल्या. पेट्यांत भिंगं होती, लोलक होते, आरसे होते, घड्याळयंत्रं होती आणि काचेच्या फोटोप्लेटा होत्या.

खगोलशास्त्राचे अभ्यासक या ग्रहणाकडे सूर्याच्या प्रभामंडळासाठी पाहतात. मी पेट्यांसाठी पाहतो. माझं सगळं कामाचं आयुष्य विमा कंपन्यांसाठी मालाच्या नुकसानीची पाहणी करण्यात गेलं. गोदीतल्या शेडमध्ये, ट्रान्सपोर्टच्या गोदामात, कारखान्याच्या फाटकावर फुटलेली पेटी उघडायची, आतल्या यंत्राला कुठे मार बसला ते शोधायचं, तो कोणत्या टप्प्यावर बसला हे ठरवायचं आणि अहवाल लिहायचा. या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. भरपाई हा मालाचा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत दुबळा राखणदार आहे. १८९८ चं ग्रहण मला जवळचं वाटतं ते यामुळेच. तिथे पाठवलेल्या मालाला पैशाची भरपाई चालणारच नव्हती. भिंग २३ जानेवारीला पोचलं असतं, तर ते कितीही शाबूत असलं तरी फुटल्यासारखंच होतं.

वाटेतल्या नुकसानीचं ओझं कोणी वाहायचं, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजांच्या बरोबर आला नाही. आपल्या मुलखात हुंडेकरी होते. ठरावीक रकमेत माल मुक्कामी पोचवायचा आणि नाक्यानाक्यावरच्या जकाती आपणच भरायच्या, अशी बोली ते करत. माल देणाऱ्याला वाटेतल्या कटकटीशी घेणंदेणं उरत नसे. समुद्रावर जाणाऱ्या मालासाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांकडे जोखमी हुंडी होती. माल पाठवणारा त्या मालावर हुंडी लिहून पैसे आधीच उचलायचा. गलबत सुखरूप लागलं तरच हुंडी वटायची. गलबत बुडालं तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडायचे. कर्ज आणि विमा एकाच कागदात होते, आणि तो कागद माणसाच्या पतीवर चालायचा.

१८६५ साली या जुन्या रीतीच्या शेजारी वाहकांचा कायदा येऊन बसला. त्याचा पाया सामान्य माणसाच्या बाजूचा होता. माल हरवला किंवा मोडला, तर वाहकाने निष्काळजीपणा केला हे मालकाला सिद्ध करावं लागत नसे. पण कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. सोनं, चांदी, मोती, घड्याळं, काच, चिनी माती, रेशीम, शाली, नकाशे, हस्तिदंत अशी ती यादी होती. या यादीतल्या मालाची किंमत १०० रुपयांच्या वर असेल आणि ती आधी जाहीर केलेली नसेल, तर वाहकावर ही कडक जबाबदारी नसे. रेल्वेच्या १८९० च्या कायद्यातही मौल्यवान मालाची तशाच स्वरूपाची यादी आणि तीच १०० रुपयांची मर्यादा होती. किंमत सांगा, जास्तीचे पैसे भरा, मग जोखीम आमची. शिवाय रेल्वेची एरवीची जबाबदारीही वाहकाइतकी कडक नव्हती. शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी रेल्वेने घेतली, की तिचं कर्तव्य संपत असे. स्वस्त दराच्या मोहाने मालकाने जोखीम आपलीच असं कबूल करणाऱ्या ‘रिस्क नोट’वर सही केली, की उरलासुरला आधारही बहुतेक जात असे.

म्हणजे १८९८ साली भिंग घेऊन बोरीबंदरला उभ्या राहिलेल्या माणसापुढे कायद्याने टाकलेला पहिला प्रश्न एवढाच होता: याची किंमत किती? त्या भिंगाची खरी किंमत एका तारखेत होती. तारीख भरण्यासाठी कुठल्याही फॉर्मवर रकाना नव्हता.

कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल ज्या रीतीने निघाले, ती माझ्या मते माल पाठवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी. त्यांची सर्वांत मोठी वस्तू म्हणजे चाळीस फुटी कॅमेरा. एवढी नळी सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून हाँगकाँगमार्गे मुंबईत आणायची म्हटली, तर ती किती वेळा क्रेनला लटकणार, किती हातांतून जाणार, याची कल्पनाही नकोशी वाटते. पण या कॅमेऱ्याची रचनाच वेगळी होती. त्याच वेधशाळेतल्या शेबर्ली यांनी तो घडवला होता आणि १८९३ च्या ग्रहणात चिलीमध्ये वापरला होता. भिंग जेमतेम पाच इंच व्यासाचं. ते उंच मनोऱ्यावर बसवायचं, खाली फोटोप्लेट ठेवायची आणि मधल्या चाळीस फुटांत सांगाड्यावर कापडाची काळोखी नळी ताणायची. मनोरा जागेवर उभा करायचा, खड्डा जागेवर खणायचा. जपून न्यायचं ते भिंग, प्लेट सरकवणारं यंत्र आणि प्लेटा.

जड आणि नाजूक मालाच्या वाहतुकीतला पहिला निर्णय हाच असतो. काय न्यायचं, आणि काय तिथेच उभं करायचं? माझ्यासमोर आलेल्या कितीतरी नुकसानींचं मूळ ट्रक किंवा जहाजात नव्हतं. जोडलेलं यंत्र तसंच्या तसं पाठवण्याच्या हट्टात होतं. सुटं करून, एकेका भागाचा तोल आणि नाजूकपणा पाहून वेगवेगळ्या पेट्या केल्या असत्या, तर ते यंत्र धडधाकट पोचलं असतं. सुटं केल्यावर जोडणी करणारा माणूस लागतो आणि त्याचे पैसे पडतात, म्हणून तो खर्च वाचवला जातो. मग विमा कंपनीला पत्र जातं.

कॅम्पबेल यांनी आधी कराडचा विचार केला होता, पण प्लेगमुळे बेत बदलून मुक्काम जेऊरला हलवावा लागला. प्लेगचं सावट त्या साऱ्या मोहिमांवर होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत पहिले रुग्ण ओळखले गेले ते मांडवीत, आणि ते ओळखणारे डॉक्टर होते गोव्याचे अकासिओ व्हिएगस. मांडवी म्हणजे बंदराला चिकटलेली गोदामांची वस्ती. धान्याची पोती, उंदीर आणि हमाल तिथे एकाच छपराखाली राहत. त्यानंतरच्या महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. त्यांत माल उचलणारेही होते. जे मागे राहिले त्यांनी गोदी चालू ठेवली. काचेच्या पेट्या मुंबईत उतरल्या त्या अशा शहरात.

मुंबईहून जेऊरला जी.आय.पी. रेल्वेने जायचं तर वाटेत १८६३ साली सुरू झालेला बोरघाट. तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी थांबे, इंजिन एका टोकाचं सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने उरलेला चढ चढे. म्हणजे डब्यातल्या मालाला पुढून मागे आणि मागून पुढे असे दोन्ही धक्के. पेटीत एक बोट जरी मोकळी जागा राहिली, तर वस्तू स्वतःच्याच पेटीवर आपटते. आम्ही पेटी उघडल्यावर आधी वस्तू पाहत नाही, पेटीच्या आतल्या भिंती पाहतो. घासल्याच्या खुणा दिसल्या, की मार बाहेरून आला नसून भरणाऱ्याने पोकळी ठेवली हे कळतं. जेऊरची एक सोय मात्र मोठी होती. मुंबईपासून तिथपर्यंत रूळ एकाच रुंदीचे, त्यामुळे वाटेत गाडीतून गाडीत माल बदलावा लागत नव्हता. माल सर्वांत जास्त मोडतो तो चालत्या गाडीत नव्हे, तर उचलताना आणि ठेवताना. हे आजही तितकंच खरं आहे. रेल्वे, ट्रक, जहाज कितीही सुधारलं तरी एका वाहनातून दुसऱ्यात जाणारी ती दोन-चार मिनिटंच घात करतात.

जेऊरलाच पुण्याचे कावसजी दादाभाई नाएगमवाला आले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले हे प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींनी दिलेल्या ५,००० रुपयांत मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि नाएगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभी केली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून दुर्बीण मागवली. १८८८ पासून ती वेधशाळा चालली. भारतीय माणसाने चालवलेली आधुनिक वेधशाळा, तीही आपल्या पुण्यात, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही. साऱ्या परदेशी मोहिमांच्या रांगेत हा एक माणूस आपली उपकरणं घेऊन जेऊरला गेला आणि त्याने आपलं निरीक्षण पूर्ण केलं. त्याचा अहवाल पुढे छापूनही निघाला.

किनाऱ्यावर, विजयदुर्गावर, मामला वेगळा होता. तिथे रेल्वे नव्हती. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या मोहिमेच्या दिमतीला ‘मेल्पोमीनी’ ही ब्रिटिश युद्धनौका होती. किल्ल्यावर उपकरणांसाठी पक्के चौथरे बांधले गेले. त्यांना आजही साहेबाचे ओटे म्हणतात. हेलियमचा शोध याच ओट्यांवर लागला असं सांगितलं जातं, पण हेलियमची ती पिवळी रेषा १८६८ ची आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले ते १८९८ साली. माझ्या दृष्टीने या ओट्यांची थोरवी त्याने कमी होत नाही. यंत्राचा प्रवास जमिनीवर टेकल्यावर संपत नाही, ते भक्कम पायावर स्थिर बसल्यावर संपतो. कारखान्यात पोचलेलं लेथ मशीन ओल्या सिमेंटवर ठेवून त्याचा तळ पिळलेला मी पाहिला आहे. वाहतूक उत्तम झाली होती, पण शेवटचा हात चुकला होता.

विजयदुर्गाची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लॉकियर यांनी जहाजावरच्या शंभराहून अधिक लोकांना निरीक्षणाच्या कामात घेतलं. ग्रहणाआधी रोज त्यांच्या तालमी झाल्या. प्लेट कोणी द्यायची, सेकंद कोणी मोजायचे, झाकण कोणी काढायचं, हे सगळं ठरलेलं. कष्टकरी माणसाला पेटीत काय आहे आणि ते कशासाठी आहे हे सांगितलं, की तो तिचा भागीदार होतो. आपल्याकडे उलट चालतं. आपण पेटीवर काचेच्या पेल्याचं, छत्रीचं, वर जाणाऱ्या बाणांचं चित्र छापतो आणि आपलं काम झालं समजतो. टोळीच्या मुकादमाला बाजूला घेऊन कोणी सांगत नाही, की या पेटीचा जडपणा डाव्या अंगाला आहे, उचलताना पट्टा इथे घाल. जिथे असं सांगितलेलं पाहिलं तिथे नुकसान झालेलं मी क्वचितच पाहिलं.

वऱ्हाडात तळणी या रेल्वेच्या लहानशा स्टेशनावर ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली होती. त्यांत ॲनी माँडर होत्या, ग्रिनिचच्या वेधशाळेत पूर्वी गणनेचं काम केलेल्या. त्यांच्याकडे दीड इंची भिंगाचा कॅमेरा होता. जवळच पुलगावला न्यूऑल आणि हिल्स यांची उपकरणं होती, नागपूरकडच्या घोगलीत स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलँड यांचा मोठा कॅमेरा होता. पण प्रभामंडळातला लाखो मैल दूरवर गेलेला एक लांबलचक झोत टिपला तो ॲनी माँडर यांच्या त्या हातातून नेता येईल एवढ्या कॅमेऱ्याने. मोठी यंत्रं निरुपयोगी होती असं मला म्हणायचं नाही, त्यांची कामं वेगळी होती. पण सगळं यश एकाच मोठ्या पेटीवर लावू नये, हे व्यापाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. ते एका गलबतात सगळा माल भरत नसत. मोहिमांच्या इतिहासातही तेच दिसतं.

ग्रहणाच्या दिवशी या वाटेवर बऱ्याच ठिकाणी आकाश निरभ्र होतं आणि बहुतेक मोहिमांना यश आलं. तोटा झाला तो परतीच्या वाटेवर. बक्सरला रेव्हरंड जॉन मॅकेन्झी बेकन यांनी नेव्हिल मॅस्केलिन यांच्या यंत्राने ग्रहणाचं चलच्चित्र घेतलं होतं. सूर्याच्या खग्रास ग्रहणाचं चलच्चित्र तेव्हा केवढी नवी गोष्ट! परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीला गेली. पुढच्या ग्रहणाला, १९०० साली, मॅस्केलिन यांना अमेरिकेत जाऊन पुन्हा चित्रण करावं लागलं. तेच आज टिकलेलं आहे. वाहक कायद्याच्या परिशिष्टात पुढच्या काळात सिनेमाच्या फिल्मही आल्या. पण बक्सरच्या आकाशातली ती दोन मिनिटं कुठल्याही कायद्याने परत मिळाली नसती. जाताना आपण जेवढी काळजी घेतो तेवढी येताना घेत नाही, हा अनुभव मी दुरुस्तीसाठी परत पाठवलेल्या यंत्रांच्या बाबतीत वारंवार घेतला आहे. मूळ पेटी मोडून जळणाला गेलेली असते आणि यंत्र गोणपाटात गुंडाळून निघतं.

नाएगमवालांच्या दुर्बिणीचं पुढे जे झालं ते मला सर्वांत जास्त लागतं. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर. वीस इंची आरशाची ती दुर्बीण तिथे पोचली, पण उभी राहिली १९५१ साली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं ती वापराविना राहिली. वाहकाच्या दृष्टीने डिलिव्हरी पूर्ण, पेटी पोचली, क्लेम शून्य. पण एका पुणेकराने उभी केलेली भारतातली एक उत्तम दुर्बीण आकाश न पाहता राहिली, याला नुकसान म्हणायचं नाही तर कशाला?

कायदा त्यानंतर बराच पुढे आला, आणि बराचसा मालकाच्या बाजूने आला. १९६२ पासून रेल्वेची जबाबदारी वाहकासारखी कडक झाली. १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावे न्यायाधिकरण आलं आणि दिवाणी कोर्टातली रखडपट्टी कमी झाली. रस्त्यावरच्या मालासाठी १८६५ चा कायदा जाऊन २००७ चा नवा कायदा आला. नुकसानीची लेखी नोटीस रेल्वेला सहा महिन्यांत आणि ट्रान्सपोर्टवाल्याला १८० दिवसांत द्यावी लागते. किंमत जाहीर करून जास्तीचा दर भरण्याचं तत्त्व मात्र तेच राहिलं. सागरी विम्याच्या कायद्यात आणि पॉलिसीच्या कलमांत आणखी दोन दारं बंद आहेत. पॅकिंग अपुरं असेल तर भरपाई नाही आणि निव्वळ उशिरामुळे झालेल्या तोट्याला भरपाई नाही. १८९८ च्या त्या सगळ्या मोहिमांनी आजची उत्तम पॉलिसी काढली असती आणि पेट्या एक दिवस उशिरा पोचल्या असत्या, तरी त्यांना एक रुपया मिळाला नसता.

दावा करायची वेळ आलीच, तर त्याचा कणा पहिल्या तासात तयार होतो. एका महाविद्यालयात प्रयोगशाळेचं महागडं उपकरण आलं. पेटीचा कोपरा चेपलेला होता. शिपायाने बिल्टीवर नेहमीसारखी सही केली, पेटी कोपऱ्यात ठेवली आणि प्राध्यापक रजेवरून आल्यावर ती उघडली. आतला आरसा तडकलेला. तो गाडीत तडकला की प्रयोगशाळेत, हे सांगणारा एकही कागद नव्हता. त्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं मागणी करून ते उपकरण मिळवलं होतं, त्यांचा चेहरा मला आठवतो. सही करण्यापूर्वी ‘पेटीचा कोपरा चेपलेला, आतल्या मालाबद्दल तक्रार राखून’ एवढी ओळ लिहिली असती, शेरा मारून वाहकाच्या माणसासमोर पेटी उघडली असती, फोटो काढले असते आणि सर्व्हेयर येईपर्यंत पेटीचा लाकूडफाटा आणि गादीचं सामान टाकून दिलं नसतं, तर त्यांचा दावा उभा राहिला असता. ती ओळ लिहायला वकील लागत नाही. गोदामाच्या दारातल्या माणसाला ती लिहिण्याचा अधिकार आहे, हे त्याला माहीत असावं लागतं.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या, आणि प्रत्येकी ४० किलोच्या आसपास वजनाचे, धाग्यांवर टांगायचे आरसे. शोधकयंत्राचे महत्त्वाचे भाग अमेरिकेतून येणार आहेत. जेऊर आणि पुलगावनंतर सव्वाशे वर्षांनी जगातल्या नाजूक उपकरणांपैकी काही पुन्हा आपल्या मुलखातल्या लहान गावाच्या वाटेवर आहेत. त्यांच्यासाठी धक्के नोंदवणारी यंत्रं असतील, हवेच्या गाद्यांवर चालणारे ट्रेलर असतील, विमा तर असेलच. या सगळ्यांत माझं एक मागणं आहे. प्रत्येक पेटीच्या पोचपावतीवर ती उचलणाऱ्या टोळीच्या मुकादमाचं नाव लिहिलेलं असावं, आणि पेटीला हात लावण्यापूर्वी तिच्यात काय आहे ते त्याला मराठीत नीट समजावून सांगितलेलं असावं. विजयदुर्गावर ते जमलं होतं. औंढ्यालाही जमायला हवं.